रकाना सात

उद्यमबागेत सकाळी आठला भोंगा होतो
आणि गेटवर सुभेदार काकतकर
प्रत्येकाच्या मोबाइलच्या डोळ्यावर लाल चिकटपट्टी लावतात.
तेवीस वर्षं फौजेत. पट्टी सरळच लागते.

आत आम्ही विमानाचा एक तुकडा करतो, तळहातात मावणारा.
कुठल्या विमानाचा, ते आम्हाला सांगत नाहीत.
मी फक्त मोजते. एका तुकड्यावर एकशे चाळीस ठिकाणी,
केसाच्या विसाव्या भागापर्यंत.
मोजलेलं वहीत, वहीतून कॉम्प्युटरवर,
आणि हलग्याच्या बसमध्ये डोळे मिटले
की आकडे पापण्यांच्या आतून चालत राहतात, मुंग्यांसारखे.

त्या आकड्यांचा आलेख आपोआप काढणारं एक सॉफ्टवेअर आहे.
मोकळं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं,
चुकलं असेल तर दुरुस्त करून परत ठेवावं.
मी अर्ज केला.

पंचवीस रकाने.
विक्रेता कोण? कुणी विकत नाही.
जबाबदार व्यक्ती? बरीच आहेत, एकमेकांना न भेटलेली.
राज्य आणि देश?
हा रकाना आमच्या भागात तसाही जपून भरतात.
मी पेन बदललं, मग कोराच ठेवला.
रकाना सात, किंमत: शून्य.
ऑनलाइन भरताना शून्य घेतलंच नाही.
लाल अक्षरं आली: किंमत योग्य भरा.

महांतेश हुक्केरी, आयटीचे. माणूस वाईट नाही.
"बिर्जे मॅडम, फुकटचं कोण देतंय हो?
देतंय म्हणजे काहीतरी घेऊन जातंय की."
मी म्हटलं, फुकट वेगळं, मोकळं वेगळं.
लग्नातलं जेवण फुकट.
बांधावरची वाट मोकळी.
"त्याच वाटेनं चोरही येतंय की," ते म्हणाले,
आणि हे खोटं नव्हतं.
"नोडोण." बघूया.

नोडोणचे तीन महिने झाले.
विचारायला गेले की हसायचे.
त्यांच्या आजोळी, सौंदत्तीकडे, दारावर खडूनं लिहायचे
'नाळे बा'. उद्या ये.
भूत रोज यायचं, वाचायचं, परत जायचं.
भुताला लिहिलेलं वाचता येत होतं, मी म्हटलं,
दोन्ही लिप्या येत असतील. इथलंच दिसतंय.

समितीत सुभेदारही असतात, गेटमुळे.
कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही, स्वतःच सांगतात.
सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं,
"हे आतून उघडून बघता येतंय?"
ओळ न् ओळ, मी म्हटलं.
"आणि आत्ता वापरताय ते, विकतचं?"
महांतेश टेबलाकडे बघत म्हणाले, ते बंद असतंय.
"रायफल आम्ही रोज खोलत होतो," सुभेदार म्हणाले,
"न खोललेली कुणी खांद्याला लावली नाही."
मग लगेच,
"पण हे खोलणार कोण?"

खोलीत एसीचा आवाज.
पंचवीस रकान्यांत हा प्रश्न नव्हता.
मी म्हटलं, मी.
मला येत नव्हतं.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर बसू लागले.
तिसऱ्या शनिवारी महांतेश खुर्ची ओढून शेजारी.
ते ओळी मोजायचे ओंदु, एरडु,
मी एक, दोन,
आणि दोघंही अडायचो त्याच ओळीवर.
एके ठिकाणी ते दर आठवड्याला बाहेर डोकावून येत होतं,
आपली नवी आवृत्ती निघाली का बघायला.
बाकी काही नव्हतं त्यात.
तरी ती खिडकी आम्ही बंद केली.

मंजुरी गणपतीच्या आधी आली.
तोवर नवी आवृत्ती निघालीच होती,
तिचा अर्ज वेगळा.
रकाना सातमध्ये मी एक रुपया लिहिला होता,
शून्य चालत नाही म्हणून.
आता ऑडिटवाले दारात उभे आहेत,
त्या एका रुपयाची पावती कुठे?

मी म्हटलं,
नाळे बर्री.